घर पुन्हा पाहुण्यांसाठी उघडलंय? सुपरहोस्ट बॅज परत मिळवण्याची रीत

घर काही महिने दुरुस्तीसाठी बंद होतं, किंवा मधल्या काळात लांब मुदतीच्या भाडेकरूला दिलं होतं, आणि आता ते परत एअरबीएनबीवर, म्हणजे घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याच्या साइटवर, लावलंय. लिस्टिंग, म्हणजे साइटवरची घराची नोंद, चालू झाली, जुने रिव्ह्यू दिसतायत, पण नावाजवळचा सुपरहोस्ट बॅज, म्हणजे चांगल्या होस्टला (यजमानाला) एअरबीएनबी देते ती खूण, गेलेला. अशा वेळी कॅलेंडर सताड उघडायचं, भाव पाडायचा आणि येईल ते बुकिंग घ्यायचं, असा मोह होतो. माझं मत नेमकं उलट आहे. बॅज परत मिळवायचा तर सुरुवातीला बुकिंग मोजकीच घ्या, पण एकही रद्द करू नका आणि एकाही पाहुण्याला तक्रारीला जागा ठेवू नका. सुपरहोस्टचे निकष नीट वाचले की असं का म्हणतोय ते कळतं.

बॅज कशामुळे गेला ते आधी बघा

एअरबीएनबी मागच्या 365 दिवसांचा हिशेब धरते आणि चार गोष्टी तपासते:

- सरासरी रेटिंग 4.8 किंवा जास्त
- पूर्ण झालेले किमान 10 मुक्काम, किंवा मिळून किमान 100 रात्री भरतील असे 3 मुक्काम
- नव्या चौकशांना 24 तासांत उत्तर देण्याचं प्रमाण किमान 90 टक्के
- तुमच्या बाजूने बुकिंग रद्द होण्याचं प्रमाण 1 टक्क्याहून कमी

चारही एकाच वेळी जमले पाहिजेत. घर बरेच महिने बंद होतं म्हणून बॅज गेला असेल, तर बहुधा तुमच्या पाहुणचारात काही खोट नव्हती. दुसरा निकष भरला नाही, एवढंच. अशा वेळी रेटिंग सुधारायच्या मागे लागायचं कारण नाही, फक्त मुक्काम भरून काढायचेत. पण बंद करण्याआधीच रेटिंग घसरत चाललं होतं, आणि म्हणूनच कंटाळून घर बंद केलं होतं, असं असेल तर गोष्ट वेगळी. होस्टिंगच्या मेनूत इनसाइट्समध्ये सुपरहोस्टचं पान आहे. तिथे चारही आकडे समोर दिसतात. ते उघडा, आकडे कागदावर उतरवा, मग पुढचं वाचा.

आणखी एक. हा बॅज होस्टच्या खात्याला मिळतो, एकेका घराला नाही. तुमच्या नावावर दोन घरं असतील तर दोन्हीकडचे मुक्काम आणि तारे एकत्र मोजले जातात. मात्र दुसऱ्याच्या घराला तुम्ही सहहोस्ट म्हणून मदत करत असाल, तर तिथले मुक्काम आणि तारे तुमच्या बॅजच्या हिशेबात येत नाहीत. 2023 पासून दिसणारं ‘गेस्ट फेव्हरेट’ हे लेबल यापेक्षा निराळं. ते एकेका लिस्टिंगला मिळतं. दोन्हींची गल्लत करू नका.

तारखा मांडा

मूल्यांकन वर्षातून चार वेळा होतं: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. प्रत्येक वेळी त्याआधीचं पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे 1 जुलैच्या तपासणीत मागच्या 1 जुलैपासून या 30 जूनपर्यंतचा काळ येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, घाई कुठे करायची नाही ते कळतं. फेब्रुवारीच्या मध्यावर घर उघडून 1 एप्रिलपर्यंत दहा मुक्काम भरणं म्हणजे जवळजवळ दर चौथ्या दिवशी नवा पाहुणा. नुकत्याच उघडलेल्या घरात, जिथे कुठलं बटण कुठे ते साफसफाईवाल्या माणसालाही अजून पाठ झालेलं नाही, हे म्हणजे संकट ओढवून घेणं. त्यापेक्षा सरळ 1 जुलैवर डोळा ठेवा.

दुसरी, वाईट रिव्ह्यू कधी बाहेर पडणार ते आधीच कळतं. समजा, मागच्या मे महिन्यात एका पाहुण्याने दोन तारे दिले होते. ते 1 एप्रिलच्या हिशेबात धरले जातील, 1 जुलैच्या हिशेबात नाहीत. जुन्या रिव्ह्यूंच्या तारखा अशा लावून पाहिल्या की कधीकधी लक्षात येतं, आपल्याला काही ‘भरून काढायचं’ नाहीच, फक्त एक तिमाही नीट थांबायचंय. लिस्टिंगच्या पानावर मात्र तो रिव्ह्यू दिसत राहतो. हिशेबातून गेला म्हणून वाचणाऱ्याच्या नजरेतून जात नाही.

ताऱ्यांचं गणित, बोटांवर मोजता येईल असं

4.8 चा अर्थ सोपा आहे: पाचातून गेलेल्या प्रत्येक ताऱ्यामागे एकूण पाच रिव्ह्यू हवेत. एका पाहुण्याने चार दिले, एक तारा गेला, तर त्याला धरून पाच रिव्ह्यू लागतात आणि बाकीचे चारही पाचाचे हवेत. कुणी तीन दिले तर एकूण दहा. दोन दिले तर पंधरा. एकच तारा दिला तर वीस, त्यातले एकोणीस पूर्ण पाचाचे.

उदाहरण घ्या. बारा पाहुणे येऊन गेले, त्यातल्या नऊ जणांनी रिव्ह्यू लिहिला. आठ जणांनी पाच तारे दिले, एकाने तीन. बेरीज 43, भागिले 9, म्हणजे 4.78 च्या आसपास. बॅज नाही. आणखी एका पाहुण्याने पाच दिले की बेरीज 48, भागिले 10, बरोबर 4.8. एवढ्याशा फरकावर सगळं अडकतं.

आणि हे बघा, दहा मुक्काम म्हणजे दहा रिव्ह्यू नव्हेत. बरेच जण काहीच लिहीत नाहीत. रिव्ह्यू थोडे असले की एका नाराज माणसाचं वजन भलतंच वाढतं. म्हणून पहिल्या काही पाहुण्यांच्या बाबतीत हयगय परवडत नाही.

हिशेबात धरतात ते फक्त ‘एकूण’ रेटिंग. स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण आणि पैशांचं मोल यांना वेगळे तारे मिळतात, पण एकूण रेटिंग ही त्यांची सरासरी नसते, पाहुणा ते स्वतंत्रपणे देतो. या सहा रकान्यांचा उपयोग रोग शोधायला करा. एकूण चार आणि स्वच्छता तीन असेल, तर कुठे हात घालायचा हे सांगायला आणखी कुणी नको.

जुनीच लिस्टिंग की नवी?

लिस्टिंग नुसती लपवून ठेवली होती, तर तीच परत चालू करा. रिव्ह्यूंसकट परत येते. कायमची काढून टाकली असेल तर नव्याने बनवावी लागेल, आणि जुन्या लिस्टिंगचे रिव्ह्यू नव्या लिस्टिंगवर हलवता येत नाहीत. नव्या लिस्टिंगवर तीन रिव्ह्यू येईपर्यंत ताऱ्यांचा आकडाच दिसत नाही.

वाईट रिव्ह्यू झटकण्यासाठी मुद्दाम नवी लिस्टिंग करायचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. बॅज खात्याचा असल्याने त्या हिशेबात तुम्हाला काहीच सुटका मिळत नाही, वर चांगले रिव्ह्यूही हातचे जातात. घराचा नकाशाच बदलला, एका खोलीच्या दोन झाल्या, तर गोष्ट निराळी.

जुनी लिस्टिंग चालू करताना वर्णन ओळ न् ओळ वाचून काढा. दुरुस्तीत गेलेलं कपाट फोटोत अजून उभं असतं, बदललेला पलंग जुन्या मापाने लिहिलेला असतो, वाय-फायचा पासवर्ड मागच्या जन्मीचा असतो. फोटो नवे काढा. घर जसं आहे तसेच, भिंगाच्या करामतीने फुगवलेले नकोत. खोली फोटोत मोठी आणि प्रत्यक्षात लहान निघाली की पाहुणा चिडतो तो खोलीवर नव्हे, तुमच्यावर.

मधल्या काळात नियमही बदललेले असतात. 30 एप्रिल 2024 पासून घराच्या आतल्या भागात सुरक्षा कॅमेरा ठेवायला एअरबीएनबीची बंदी आहे, बंद करून ठेवलेलाही चालत नाही. बाहेरच्या बाजूला कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं. त्याआधी घर बंद केलेल्यांनी दिवाणखान्यातला जुना कॅमेरा आठवणीने उतरवा. आणि अल्प मुदतीने घर देण्यासाठी तुमच्याकडे परवाना किंवा नोंदणी लागत असेल, तर ती अजून चालू आहे ना, हेही आत्ताच तपासा. बुकिंग आल्यावर कळलं तर ते रद्द करावं लागेल.

कॅलेंडर उघडण्याआधी स्वतः तिथे झोपा

हे काम टाळू नका, आणि एक रात्र पुरेशी धरू नका. पाहुण्यासारखी बॅग घेऊन, अंधार पडल्यावर, तुम्ही स्वतःच लिहिलेल्या सूचना वाचत घरात शिरा. कुलपाचा आकडा अंधारात दिसतो का? जिन्यावरचा दिवा कुठे लागतो, हे सूचनांत आहे का? आत गेल्यावर पहिला वास कसला येतो? ताज्या रंगाचा वास तुम्हाला सवयीने जाणवत नाही, दुसऱ्याला डोकं दुखवतो. बाहेरच्या एखाद्या माणसाला सोबत घेतलंत तर उत्तम.

दुरुस्तीनंतरची धूळ ही या सगळ्यातली महामाया. सिमेंट आणि पॉलिशची बारीक धूळ एकदा पुसून जात नाही, ती हवेतून पुन्हा बसते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पुसावं लागतं. पंख्याची पाती, दाराची वरची कड, खिडकीच्या चौकटीची खाच, पडद्याची दांडी, एसीची जाळी, पलंगाखालची फळी. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा आणि फडकं बघा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. स्वच्छतेत गेलेला तारा परत मिळवणं सर्वांत कठीण, कारण ज्याने केस किंवा धूळ पाहिली तो बाकीचं घरही त्याच नजरेने पाहतो.

मग पाणी. लागोपाठ दोन अंघोळी करून बघा, दुसऱ्याला गरम पाणी पुरतं का. बंद घरातल्या मोरीचं पाणी सुकून जातं आणि नळीतून दुर्गंधी वर येते. पाणी ओतून दुसऱ्या दिवशी परत वास घ्या. पलंगावर खरोखर झोपा: करकरतो का, पहाटे पडद्याच्या फटीतून उजेड थेट उशीवर पडतो का. फोन चार्ज करायचा बोर्ड उशीजवळ आहे की खोलीच्या पलीकडे? वाय-फाय त्याच पलंगावर बसून तपासा, राउटरशेजारी उभं राहून नव्हे. जे जे खटकलं ते लिहा, आणि त्या यादीतलं सगळं दुरुस्त होईपर्यंत कॅलेंडर बंदच ठेवा. आठवडा वाया गेला तरी चालेल.

कॅलेंडर बेताने उघडा

रद्द करण्याच्या निकषात मेख आहे. 1 टक्क्याहून कमी, म्हणजे वर्षात शंभर बुकिंगपर्यंत एकही रद्द करायची मुभा नाही. शंभरातलं एक म्हणजे बरोबर 1 टक्का, आणि ते ‘कमी’ नव्हे. नव्याने सुरू केलेल्या घरासाठी याचा अर्थ एकच: शून्य. वर दंडही आहे. चेक-इनला 48 तास किंवा कमी राहिले असताना तुम्ही रद्द केलंत तर बुकिंगच्या रकमेच्या 50 टक्के, 48 तास ते 30 दिवस असतील तर 25 टक्के, आणि त्याहून आधी 10 टक्के. त्या तारखाही अडवल्या जातात. पाहुण्याने स्वतः रद्द केलं तर तुमच्या खात्यावर काही येत नाही. पण ‘तुम्हीच तुमच्या बाजूने रद्द करा ना’ अशी गळ पाहुण्याला घालू नका, ते नियमाबाहेर आहे. पाइप फुटून घरात पाणी शिरलं, असं खरंच मोठं कारण असेल, तर फोटो आणि कागदपत्रांसह आधी सपोर्टशी बोला. योग्य कारणाने रद्द झालेलं बुकिंग हिशेबात धरत नाहीत.

रद्द करायची वेळ येते ती बहुतेक दोन कारणांनी. एक, पुढच्या वर्षाच्या तारखा आत्ताच खुल्या ठेवल्या आणि मध्येच घरात लग्न, पाहुणे किंवा दुरुस्तीचं दुसरं सत्र निघालं. म्हणून बुकिंगची मुदत सुरुवातीला दोन-तीन महिन्यांपुरतीच खुली ठेवा. दोन, घर दुसऱ्या साइटवरही लावलंय आणि एकच रात्र दोघांना गेली. कॅलेंडर एकमेकांना जोडता येतात, पण जोडणी तत्क्षणी अद्ययावत होत नाही, मधल्या वेळात दुसरं बुकिंग घुसू शकतं. बॅज मिळेपर्यंत एकाच साइटवर राहा असं मी सांगेन. उत्पन्न थोडं बुडेल, झोप नीट लागेल.

सेटिंग्जमध्ये ‘तयारीचा वेळ’ आहे. दोन बुकिंगच्या मध्ये एक रात्र रिकामी ठेवा, निदान पहिली दहा होईपर्यंत. गळणारा नळ त्या रिकाम्या दिवशी दुरुस्त होतो. आगाऊ सूचनेचा अवधीही किमान एक दिवसाचा ठेवा. मुक्काम छोटे असू द्या, दोन-तीन रात्रींचे, म्हणजे दहाचा आकडा लवकर गाठतो. तीन मुक्कामांत शंभर रात्रींची वाटही आहे, पण त्यात फार तर तीनच रिव्ह्यू येणार. एकाने चार तारे दिले की सरासरी 4.67, आणि मग आणखी पाहुणे येईपर्यंत काही करता येत नाही.

भावाबद्दल थोडक्यात. अगदी नव्या लिस्टिंगला पहिल्या तीन बुकिंगवर 20 टक्के सूट द्यायचा पर्याय मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. जुनी लिस्टिंग असेल तर पहिले काही आठवडे तुम्हीच भाव किंचित खाली ठेवा. किंचित. फार पाडलात तर ज्यांना तुमचं घर मनापासून नकोच होतं असे लोक येतात.

उत्तरं

24 तासांची मर्यादा पहिल्या उत्तराला आहे. चौकशी असेल तर निरोप पाठवला तरी पुरतं. बुकिंगची विनंती आली असेल तर ती 24 तासांत स्वीकारावी किंवा नाकारावी लागते, नुसत्या गप्पा मारून भागत नाही. नाकारणं हेही उत्तरच आहे. शंका वाटली तर नाकारा, पण लटकवून ठेवू नका. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ‘झटपट उत्तरां’त साठवून ठेवा आणि ॲपच्या सूचना चालू ठेवा. सुरुवातीला चौकशाच थोड्या असतात: दहातली दोन उत्तरं हुकली की 80 टक्के, खेळ संपला.

पहिल्या रात्रीचा निरोप

सगळ्या मुक्कामातली सर्वांत महत्त्वाची वेळ म्हणजे चेक-इननंतरचे काही तास. नाराजी तेव्हाच तयार होते, आणि दुरुस्तही तेव्हाच होते. बहुतेक पाहुणे तोंडावर तक्रार करत नाहीत. गप्प राहतात आणि घरी जाऊन लिहितात. त्यांना बोलतं करायचं असेल तर ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. नेमकं विचारा. असा निरोप मी वापरतो:

‘पोहोचलात ना नीट? गरम पाणी, वाय-फाय किंवा दाराचं कुलूप, कशातही अडचण वाटली तर आत्ताच कळवा. आज सांगितलंत तर आजच माणूस पाठवता येईल.’

शेवटचं वाक्य काम करतं, कारण त्यात तक्रार करायची परवानगी आहे. आणि अडचण कळली की सबबी नकोत. ‘आधीच्या पाहुण्याने मोडलं’ हे खरं असलं तरी समोरच्याला त्याचं काय? दुरुस्त करा, आणि दुरुस्त झालं का ते पुन्हा विचारा.

रिव्ह्यू मागणं आणि पचवणं

चेक-आउटनंतर दोघांनाही 14 दिवस मिळतात. दोघांनी लिहिलं की दोन्ही रिव्ह्यू एकदम प्रकाशित होतात, नाहीतर 14 दिवस संपल्यावर. त्यामुळे समोरच्याने काय लिहिलंय ते आधी पाहता येत नाही. तुमचा रिव्ह्यू त्याच दिवशी लिहून टाका. पाहुण्याला तशी सूचना जाते आणि त्याला आठवण होते. तिमाहीच्या शेवटी तर हे विसरू नका. 25 मार्चला गेलेल्या पाहुण्याची मुदत 8 एप्रिलपर्यंत चालते, आणि तुम्ही लिहिलंच नाही तर त्याचे पाच तारे 1 एप्रिलला उपयोगी पडणार नाहीत.

मागायचं ते एकदाच, आणि ताऱ्यांचं नाव न काढता. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा परतावा देऊ करणं नियमांविरुद्ध आहे. भिंतीवर ‘चार तारे म्हणजे आम्ही नापास’ अशी पाटी लावणारे होस्ट असतात. चार म्हणजे ‘छान’ असंच सामान्य माणसाला वाटतं, हे खरं आहे आणि त्रासदायकही. पण पाटी वाचून पाहुण्याला वेठीला धरल्यासारखं होतं.

वाईट रिव्ह्यू आलाच तर तो काढून टाकायची विनंती करता येते, पण तो रिव्ह्यूच्या नियमांत बसत नसेल तरच. नुसता अन्यायकारक वाटतो म्हणून काढत नाहीत. नियम मोडल्याचं तुम्ही दाखवून दिल्याचा सूड म्हणून लिहिला असेल, तर मेसेजचे पुरावे जोडून कळवा. बाकी सार्वजनिक उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. ते पहिल्याच दिवशी, रागात लिहू नका. आणि ते त्या पाहुण्यासाठी नसतं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं: ‘गादी मऊ असल्याचं तुम्ही कळवलंत, ती बदलली आहे. कळवल्याबद्दल आभार.’ दोन ओळी पुरेत. वाद घालणारं उत्तर मूळ रिव्ह्यूपेक्षा जास्त नुकसान करतं.

मूल्यांकनाचा आठवडा

तपासणीला काही दिवस लागतात, त्यामुळे 1 तारखेला सकाळी बॅज दिसला नाही म्हणून सपोर्टला फोन लावू नका. आठवडाभर थांबा. त्यानंतरही नसेल तर इनसाइट्समध्ये कुठला आकडा कमी पडला ते बघा. मुक्काम आठ किंवा नऊच भरले असतील तर काही बदलू नका, तसंच चालू ठेवा. रेटिंग 4.8 च्या खाली असेल तर रिव्ह्यू तारखेनुसार लावा, पुढच्या तिमाहीत कुठले बाहेर पडतात ते पाहा, आणि उरलेल्या रिव्ह्यूंत गेलेल्या ताऱ्यांना पाचाने गुणून एकूण किती रिव्ह्यू लागतील ते काढा. उत्तरांच्या टक्केवारीत कमी पडलात तर ॲपच्या सूचना तपासा. त्या बंद असण्याची शक्यता बरीच असते.